आधी थांबली पाहिजे, मग पळाली पाहिजे

गाडी घेतलीस, फार चांगलं केलंस. घरात कुरकुर झाली असेल, गल्लीतल्या कुणी "भंगारवाल्यानंसुद्धा एवढे दिले नसते" असं ऐकवलंही असेल. मनावर घेऊ नको. २००६ ची हिरो होंडा स्प्लेंडर, एमएच-२३ ची पाटी, दोन हंगाम पत्र्याच्या शेडात उभी, टाकीवर कोंबड्यांची घाण, उंदरांनी कुरतडलेलं सीट. हे सगळं तू रडवेल्या आवाजात सांगत होतीस आणि मला त्यात काळजीचं काही ऐकू येत नव्हतं. किक मारली की खाली जाते, परत वर येते, असं तू म्हणालीस ना? मग इंजिन जाम झालेलं नाही. बाकीचं सगळं होतं गं. क्रमानं केलं पाहिजे, एवढंच.

आपल्या बीड जिल्ह्यात अशी गाडी गावागावात सापडते आणि त्याला कारण आहे. दसरा झाला की पाटोदा, शिरूर, आष्टी, वडवणी, धारूर, तुझा केज, सगळीकडून ऊसतोडीचे कोयते बाहेर पडतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी सोलापूरकडं, कुणी कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, घराला कुलूप. उचलीच्या पैशातून हौसेनं घेतलेली मोटरसायकल तेवढे महिने दारात नाहीतर गोठ्यात, वर जुनी ताडपत्री. म्हातारा-म्हातारी तिला सुरू करून बघत नाहीत, पोरं लहान. अशा गाडीचं मीटर कमी पडलेलं असतं, पण टाकीत गंज चढतो, रबर चिरतं, कार्बोरेटरमध्ये डिंक बसतो. गाडी पळून जितकी झिजते त्याहून उभी राहून जास्त कुजते. तुझी गाडी त्यातलीच. ती म्हातारी झाली म्हणून बंद पडलेली नाही, कुणी हात लावला नाही म्हणून बंद पडली आहे.

मॉडेल तर तू नशिबानं चांगलं उचललंस. हिरो आणि होंडाची भागीदारी १९८४ ची, त्यांची पहिली सीडी १०० आली १९८५ ला आणि स्प्लेंडर १९९४ ला. पुढं दोघं वेगळे झाले, २०११ ला कंपनीचं नाव हिरो मोटोकॉर्प झालं, तरी ९७.२ सीसीचं ते इंजिन चालूच राहिलं. म्हणून तुझ्या गाडीचा क्लच वायर असो की पिस्टनचं किट, केजला मिळतं, नेकनूरला मिळतं, मांजरसुंब्याच्या चौकातही मिळेल. जुनी गाडी घेताना हेच आधी बघायचं असतं. ऐटबाज गाडी घेतली आणि तिच्या एका रबरासाठी पुण्याला माणूस पाठवावा लागला, तर ती स्वस्तात मिळून उपयोग काय?

आता पान्याला हात लावायच्या आधी कागद. निम्मे पैसे द्यायचे बाकी आहेत म्हणालीस, ते फार बरं झालं. ते तसेच राहू दे. हँडलच्या मानेवर चासी नंबर ठोकलेला असतो. त्यावर मातीचा आणि ग्रीसचा थर असेल. पेट्रोलचं फडकं फिरव, अक्षरं उघडी पडतील, आणि आरसी बुकातल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवून बघ. इंजिन नंबरही तसाच जुळव. एखादं अक्षर घासलेलं दिसलं तर व्यवहार तिथंच थांबव, कितीही ओळखीचा माणूस असू दे. आरसीवर फायनान्सवाल्याचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि बोजा उतरवायचा नमुना ३५ विकणाऱ्याकडून घे. मालकाच्या सह्या नमुना २९ आणि ३० वर. त्या सह्या झाल्या की उरलेले पैसे दे, त्याच्या आधी रुपया देऊ नको.

आणि हे नीट ऐक. मोटरसायकलची नोंदणी पंधरा वर्षांची असते. तुझ्या गाडीची २०२१ लाच संपली. ती परत करायला नमुना २५, पर्यावरण कर, उशिराचा दंड, चालू विमा, पीयूसी लागतं, आणि आरटीओत गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. शिवाय १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवीन सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. तुझा तालुका बीडच्या कार्यालयाकडं येतो की अंबाजोगाईच्या, तिथं स्वतः जाऊन खिडकीवर सगळा आकडा काढून आण. जुने ई-चलन थकलेत का, तेही मोबाइलवर दिसतं. हे जोडून गाडी खरी कितीला पडली ते कळेल. पुष्कळ जण हे टाळतात आणि वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नावावर गाडी फिरवतात. मग एखाद्या दिवशी धडक होते, विमा नसतो, आणि गाडीच्या दहापट पैसे भरावे लागतात. तू नर्सिंगला आहेस, अपघात विभागात येणारी माणसं तू बघतेस. तुला जास्त सांगायला नको.

कागद मार्गाला लागले की तुझ्या मनात पहिलं येईल, इंजिन सुरू करून बघू. सगळ्यांच्याच मनात तेच येतं. मी म्हणते, थांब. आधी ब्रेक आणि टायर. गाडी पळाली नाही तर तू एसटीनं जाशील. थांबली नाही तर काय होईल?

दोन्ही चाकं काढायला लाव आणि ड्रम उघडून बघ. लायनर झिजलेला नसेल तरी उभं राहून वर चकाकी चढते, तो धरत नाही. थोडा चकाकलेला असेल तर पॉलिश पेपरनं घासून चालतो. तेलकट झाला असेल, चिरला असेल, पातळ झाला असेल तर सरळ नवीन जोडी टाक. ड्रममधली धूळ तोंडानं फुंकू नको, कुणाला फुंकूही देऊ नको. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जातं. ओल्या फडक्यानं पुसायचं आणि फडकं टाकून द्यायचं. पुढच्या ब्रेकची वायर तुटत आली आहे का, हे लिव्हरच्या टोकाशी बघ. तिथं एकेक तार सुटायला लागते आणि वरून काही दिसत नाही. वायर बदलायला फार पैसे लागत नाहीत.

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३२१८ असेल तर २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसू दे, बाजूला बारीक चिरा पडल्या असतील तर ते टायर गेलं. उभ्या गाडीची टायरं अशीच फसवतात, वरून नवी वाटतात. टायर घेशील तेव्हा ट्यूबही नवीच टाक. हवा एकटीसाठी पुढं २५, मागं २८. मैत्रीण बसणार असेल तर मागं आणखी भर. पुढचं चाक उचलून हँडल हळूच डावी-उजवीकडं फिरव. मधोमध खटकन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेलेला आहे. मागचं चाक धरून बाजूला हलवून बघ, चिमट्याचे बुश कळतील. आपल्या खडीच्या रस्त्यांनी हे दोन आधी जातात.

आता पेट्रोल. टाकीत जे काही आहे ते सगळं काढून टाक, "थोडं नवीन मिसळलं की चालतं" असं कुणी म्हणालं तर ऐकू नको. जुनं पेट्रोल वासावरून कळतं, आंबूस, वार्निशसारखं. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच माणसांनी पहाटेच्या थंडीत तोडलेल्या उसातूनही ते येतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी टाकीच्या तळाशी बसून पत्रा खातं. तुझी गाडी निघाली तेव्हा हे असलं पेट्रोल नव्हतं, म्हणून तिचं जुनं रबर त्याला टिकत नाही. पेट्रोलची नळी, कॉकचं वॉशर, कार्बोरेटरच्या वाटीची रिंग, ही तिन्ही नवीनच टाकायची. स्वस्त असतात, पण यांच्यापायी वाटेत गाडी बंद पडते.

टाकी उतरवून उन्हात धर आणि झाकणातून बॅटरीनं आत बघ. तांबूस पापुद्रा दिसला तर त्यात पांढरा सिरका भरून एक दिवस राहू दे. नंतर ओतून टाक, खायच्या सोड्याच्या पाण्यानं खळखळून धू, साध्या पाण्यानं धू, आणि उन्हात लगेच कोरडी कर. ओली राहिली तर संध्याकाळपर्यंत परत गंज धरते. कोरडी झाली की आत थोडं पेट्रोल फिरवून घे. हे सगळं चुलीपासून, देवाच्या दिव्यापासून लांब, अंगणात. टाकी गळत असेल तर तिला घरगुती वेल्डिंग करायला देऊ नको. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा भयंकर असते.

कार्बोरेटर तू स्वतः उघडावास असं मी म्हणत नाही, पण तो उघडताना शेजारी बस. वाटी खाली आली की तळाला हिरवट-पिवळा चिकटा दिसेल. दोन पितळी जेट असतात, मोठा मेन आणि छोटा पायलट. त्या छोट्याचं भोक केसाएवढं, आणि नव्वद टक्के वेळा तेच बुजलेलं असतं. तेच बुजलं की गाडी चोकवर सुरू होते, चोक सोडला की मरते. रेस धरली तर चालते, सोडली तर बंद. मेकॅनिक सुई किंवा लोखंडी तार घालायला लागला तर हात धर. भोक मोठं झालं की ती गाडी जन्मभर जास्त पेट्रोल खाते. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा, हवेचा प्रेशर, आणि जेट डोळ्याशी धरून पलीकडचा उजेड गोल दिसला पाहिजे. बाजूचा मिक्श्चरचा स्क्रू काढायच्या आधी तो किती फेरे आत जातो ते मोजून कागदावर लिही, बसवताना तेवढेच फेरे बाहेर.

हे झालं की एअर फिल्टरचा डबा उघडायला विसरू नको. उंदीर सीटवर थांबलेले नसतात. डब्यात कापसाचा बोळा, शेंगांची टरफलं, काहीही निघेल. फिल्टर फोमचा असेल आणि हातात धरताच त्याचा भुगा झाला तर नवीन घे. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय का, तेही बघ. त्यानंही गाडी सुरू होत नाही आणि माणसं मात्र इंजिन खोलून बसतात.

मग प्लग. प्लग पाना घे आणि हा एक धडा नीट शीक, वाटेत अडकलीस तर कामी येईल. बरीच किक मारूनही गाडी सुरू झाली नाही, की प्लग काढून बघ. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. बघायची रीत अशी: प्लग टोपीत बसव, त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या धातूला टेकव, प्लगच्या उघड्या भोकापासून आणि पेट्रोलपासून दूर, आणि किक मार. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, मलूल असेल तर आधी नवीन प्लग, मग टोपी, मग कॉइल, या क्रमानं. सीडीआय शेवटी. सीडीआय बदला असं पहिल्याच मिनिटाला सांगणारा माणूस अंदाजानं सांगतोय असं समज. सीटखालच्या वायरी मात्र बोटांनी चाचपून बघ, उंदरानं सोललेली एक तार दुपार खाते. गाडी बरीच उभी होती, म्हणून पहिल्यांदा सुरू करायच्या आधी प्लगच्या भोकातून इंजिन ऑइलचे थोडे थेंब सोड आणि किल्ली बंद ठेवून हळूहळू किक मार. कोरड्या पिस्टनला ओलावा मिळतो.

ऑइल बदलायचंच, ते कितीही "चांगलं" दिसू दे. इंजिन जरा गरम झालं की खालचा नट काढून सगळं वाहू दे. दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय, तेव्हा नवीन ऑइल थोडं फिरवून परत एकदा बदलावं लागेल. नवीन १०डब्ल्यू-३०, मोटरसायकलचंच, साधारण ९०० मिली. ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल घालायला कुणी सांगेल. या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो, तो घसरायला लागतो. नट आवळताना जोर काढू नको, तिथलं अॅल्युमिनियम मऊ असतं, आटे गेले की मोठं काम निघतं.

एक गोष्ट फार थोडे मेकॅनिक आपणहून करतात. या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नसतो. उजव्या झाकणाच्या आत एक फिरणारी वाटी असते, ती ऑइलमधली घाण गरगर फिरवून कडेला फेकते, आणि वर्षानुवर्षं ती तिथंच थापली जाते. कव्हर उघडून ती वाटी साफ करायला सांग. काळा, वंगणासारखा घट्ट थर निघेल, चमच्यानं खरवडावा लागतो. त्यासाठी कव्हरचं नवीन पॅकिंग आणून दे म्हणजे मेकॅनिक नाही म्हणणार नाही. जाळीही तिथंच असते, ती धुवून घ्यायची. त्याच दिवशी टॅपेट सेटिंग, इंजिन थंड असताना, फिलर गेज घालून, कानानं नाही.

धूर बघून लगेच "इंजिन करावं लागेल" असं म्हणणारे भेटतील. सकाळी पहिल्यांदा थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर ती वाफ. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, कार्बोरेटर आणि फिल्टर बघायचा. सुरू करताना निळसर येऊन थांबतो, तेव्हा व्हॉल्व्हचे सील, स्वस्तात होतात. रेस दिली की प्रत्येक वेळी निळा धूर, आणि ऑइल कमी होतंय, तेव्हाच पिस्टन-रिंगचा विचार. त्याआधी कुणाला हेड उतरवू देऊ नको. चेन किटबद्दल एवढंच, चेन ताणून मागच्या दात्यांवरून उचलली जात असेल तर चेन आणि तिची दोन्ही दातेरी चाकं एकदम बदल.

आता मनातलं बोलते. गॅरेजवर तू भावाबरोबर गेलीस की तिथली माणसं त्याच्याशीच बोलतील. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडं बघून देतील. राग येईल, येऊ दे, पण तिथून उठू नको. स्टुलावर बस, वहीत लिही, आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत माग. जुना पार्ट हातात आला की नवीन खरंच टाकला का हे कळतं, आणि पुढच्या वेळी तुझ्याशीच बोललं जातं. "सगळं बघून घ्या" असं कधी म्हणायचं नाही. त्या तीन शब्दांत बिल दुप्पट होतं. "आज लायनर, ब्रेकची वायर आणि कार्बोरेटर, बाकी मी सांगेन तेव्हा," असं म्हणायचं. चांगला मेकॅनिक यानं दुखावत नाही, खूश होतो. आपल्याकडं असे हात असलेली पोरं पुष्कळ आहेत, जी शाळा सोडून हे काम शिकली. त्यांना मान देऊन, नावापुढं भाऊ लावून बोल आणि मजुरी घासाघीस न करता दे. घासाघीस करायची ती पार्टच्या दुकानात.

पैसे कुठं घालायचे नाहीत तेही ऐक. टाकीला नवा रंग, स्टिकर, जाड सीट, मोठा हॉर्न, यातलं काहीही पहिल्या वर्षी नको. सीट फाटलंय तर चांभाराकडून कव्हर शिवून घे. मात्र मागच्या चाकाची साडीगार्डची जाळी गायब असेल तर ती लायनरच्या बरोबरीनं आण. पोरांच्या हातातल्या गाडीवर ती पहिल्यांदा काढली जाते. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, आणि तो नियम आपल्यासारख्यांच्या पदरासाठी, ओढणीसाठीच आहे. ओढणी पाठीमागं गाठ मारून आत खोचायची. हेल्मेट तुझं, आणि मागं बसणारीचंही.

केज ते अंबाजोगाई रोज जायचं म्हणतेस, तर पहिले काही दिवस गावच्या शिवारातच फिरव. ब्रेक दाबून, थांबवून, परत सुरू करून. गाडी एका बाजूला ओढते का, गरम झाल्यावर बंद पडते का, हे घराजवळ कळू दे. बालाघाटाच्या उतारांवर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायच्या नादी लागू नको. गिअरमध्येच उतर, ड्रमचा ब्रेक सारखा दाबून गरम झाला की धरत नाही. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात बसते आणि चाक अडवते, ती काडीनं काढूनच पुढं जायचं.

बीड शहराला रेल्वे लागली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तुझ्या वाटेवर अजूनही एसटी किंवा स्वतःचं चाक, तिसरं काही नाही. म्हणून तर म्हणते, ही गाडी तुझ्यासाठी चैनीची नाही. संध्याकाळची शेवटची एसटी गेली म्हणून प्रॅक्टिकल अर्धवट टाकणाऱ्या मुली तुझ्याच वर्गात असतील. त्यांच्यातली एखादी तुझ्या मागं बसेल, म्हणून ती जाळी आणि तो लायनर.

आणि ज्यांच्याकडून गाडी घेतलीस, त्यांच्या भावकीत यंदाही कुणी ऊसतोडीला निघालं असेल तर त्यांना सांग. जाताना टाकीचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीचं पेट्रोल खालच्या स्क्रूनं काढून टाकायचं, गाडी मेन स्टँडवर लावायची, बॅटरीची एक वायर सोडवायची, सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबायचं आणि त्या फडक्याला लाल दोरा बांधायचा, म्हणजे आल्यावर ते काढायचं लक्षात राहील. पाच-दहा मिनिटांचं काम. माघारी आल्यावर गाडी मोडीच्या भावात विकायची वेळ येत नाही.

येत्या रविवारी मागचं चाक काढ. टायरवरचे चार आकडे आणि लायनरचा फोटो मला पाठव, मग टायर कुठलं घ्यायचं ते बोलू. तोवर किक मारायची नाही.